लाइट गेल्यावर माशांच्या टँकमधलं पाणी कुठं जातं?

मे महिन्यात रात्री दोनच्या सुमारास लाइट गेली. कूलर थांबला तशी जाग आली. पाय खाली टेकवला तर फरशीवर पाणी! मासे सुखरूप होते, काचही शाबूत होती, पण टँकखालचा संप, म्हणजे पाणी गाळायची टाकी, काठोकाठ भरून वाहत होता.

संपची रचना तशी सोपी. टँकच्या मागच्या काचेला डायमंड बिटने भोक पाडायचं (टफन काचेला अजिबात नाही, तिचा क्षणात चुरा होतो) आणि त्यात रबरी वायसर घालून टँक निपल, म्हणजे पाइप जोडायचा तुकडा, बसवायचा. काठावरून सांडणारं पाणी पाइपातून खाली संपमध्ये उतरतं, तिथं गाळलं जातं आणि पंप ते परतीच्या पाइपातून वर चढवतो. त्यामुळे नागपूरच्या कोरड्या उन्हात पाणी कितीही उडालं तरी वरची पातळी जागची हलत नाही. घट दिसते ती खाली, पंपाच्या कप्प्यात.

मग त्या रात्री पूर कसा आला? याचं उत्तर आपल्या जुन्या वसुदेवाच्या पेल्यात आहे. पेल्यात पाणी ओतत गेलं की ते कृष्णाच्या पायापर्यंत चढतं, पाय लागला की झपाट्याने ओसरून पेला रिकामा होतो. पेल्यातल्या वसुदेव-कृष्णाच्या मूर्तीच्या आत वाकवलेली नळी दडवलेली असते. तिचं वळण पाण्याने भरलं की बाहेरच्या लांब भुजेतलं पाणी आपल्या वजनाने खाली जाताना मागचं पाणी ओढून नेतं. नळीत हवा शिरेपर्यंत हे थांबत नाही. यालाच वक्रनलिका म्हणतात.

पंप बंद पडला की परतीचा पाइप नेमकी हीच वक्रनलिका होतो. माझ्या टँकची लांबी 120 सेंटिमीटर, रुंदी 45. परतीच्या पाइपचं तोंड पाण्याखाली 5 सेंटिमीटर होतं. गुणाकार केला तर 27 लिटर. संपमध्ये जागा जेमतेम 15 लिटरची. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं फिरू न देणारी झडप, लावला होता, पण त्यात गोगलगायीचं बारीकसं कवच अडकून झडप अर्धी उघडीच राहिली होती. त्या झडपेवर भिस्त ठेवू नये, असं माझं ठाम मत झालं आहे. पाण्याच्या पातळीच्या जरा खाली, पाइपला 4 मिलिमीटरचं भोक पाडावं. पातळी तिथवर उतरली की हवा आत शिरते आणि ओढ तुटते. भोक शेवाळाने बुजतं, म्हणून दर आठवड्याला काडीने साफ करायचं.

उतरत्या पाइपातला गुळगुळ आवाज हेही त्याच पेल्याचं काम. पाइप भरतो, सगळं पाणी एकदम ओढतो, हवा गिळतो, पुन्हा भरतो. माथ्यावर टी (तीन तोंडांचा जोड) लावून तिच्या टोपीला बारीक भोक पाडलं की हवेला वाट मिळते आणि आवाज शांत होतो.

आता पाण्याचा नवा पाइप जोडला की मी आधी पंपाचा प्लग काढतो आणि संपच्या कडेला बसून राहतो. पाणी चढतं, चढतं, आणि काठाच्या चार बोटं खाली थांबतं. मग पंप पुन्हा सुरू करायचा, पाणी स्थिरावलं की तिथं संपच्या काचेवर लाल टेप लावायची. संप भरताना पाणी त्या टेपच्या वर जाऊ द्यायचं नाही.