गाडी हवा खातीय

साताऱ्याजवळ यवतेश्वरच्या घाटात एका वळणावर एक्सलेटर सोडला, तरी इंजिनाचा आवाज खाली येईना. उलट चढतच गेला. चावी बंद करून गाडी कडेला घेतली. गाडी म्हणजे १९८० च्या दशकातली राजदूत ३५०. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, हवेत पेट्रोल मिसळून देणारे दोन कार्बोरेटर आणि त्या दोघांच्या मागे एकच एअर बॉक्स, म्हणजे हवेचा डबा. आदल्या रविवारी हे सगळं मी घरीच उतरवून, धुऊन परत बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी पोवई नाक्याजवळच्या मेस्त्रींनी गाडी चालू केली आणि डावा कार्बोरेटर इंजिनाला जिथे जोडतो त्या रबराभोवती पाण्याचा बारीक फवारा मारला. आवाज लगेच बदलला. ‘हवा खातीय गाडी. रबर बसलंच न्हाई ओ नीट,’ ते म्हणाले.

इंजिनाला हवा तर लागतेच, आणि तीही भरपूर. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. साताऱ्याच्या उंचीवर एक लिटर पेट्रोलमागे सुमारे १०,००० लिटर, म्हणजे गच्चीवर असतात तशा हजार लिटरच्या दहा टाक्या भरून हवा. मग थोडी जास्त आत गेली तर बिघडलं कुठे?

बिघडतं ते मोजमापात. कार्बोरेटर हे मोजायचं यंत्र आहे. त्याच्या मध्यभागी नळी अरुंद होते. तिथून जाताना हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. हे तत्त्व बर्नूलीने १७३८ मध्ये मांडलं आणि अशा अरुंद नळीला इटालियन शास्त्रज्ञ व्हेंचुरीचं नाव मिळालं. खालच्या कटोरीतल्या पेट्रोलवर मात्र बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो. या दोन दाबांतल्या फरकामुळे पेट्रोल जेटमधून, म्हणजे मोजून पाडलेल्या बारीक भोकातून, वर ढकललं जातं. जुन्या घरांत डासांसाठी फ्लिटचा पंप असायचा, त्यात औषध वर चढायचं ते याच तत्त्वावर. या अरुंद गळ्यातून जितकी हवा जाईल, तिच्या हिशेबात पेट्रोल मिळतं. पण रबराच्या फटीतून शिरलेली हवा या गळ्यातून जातच नाही. तिची मोजणी होत नाही, तिच्या वाट्याचं पेट्रोलही येत नाही. मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि एक्सलेटर बंद असूनही फिरत राहतं.

टू-स्ट्रोकला यात जास्त धोका आहे. या गाडीचा ऑइल पंप एक्सलेटरशीही जोडलेला असतो. एक्सलेटर मिटलेला म्हणजे ऑइल कमी, आणि इंजिन मात्र जोरात फिरतंय. पिस्टन जाम व्हायला इतकं पुरतं. घाटात चावी लगेच फिरवली, हे बरंच झालं.

एअर बॉक्सला आपल्याकडे नुसता फिल्टरचा डबा समजतात आणि हलकी अडगळ म्हणून काढूनही टाकतात. मला ते पटत नाही. इंजिन हवा सलग घेत नाही, घोट घेतं. मिनिटाला ३,००० फेऱ्यांना टू-स्ट्रोकचं प्रत्येक सिलिंडर सेकंदाला ५० घोट घेतं. डब्यातल्या साठ्यामुळे हे झटके मवाळ होतात. शिवाय कारखान्यात जेटचं भोक ठरतं ते डबा आणि फिल्टर जागेवर धरून. डबा काढला की अडथळा कमी होतो आणि मिश्रण पातळ होतं. फिल्टर धुळीने चोंदला की उलट होतं.

जेटबद्दलही एक कळकळीची गोष्ट. केबलची तार घालून जेट साफ करायची सवय सोडावी. १ मिमीचं भोक घासून १.०५ मिमी झालं तर नजरेला काहीच कळत नाही, पण क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी वाढतं. क्लीनर आणि हवेचा झोत पुरेसा आहे.

कार्बोरेटर मोजतो तेही नेमकं वजन नव्हे. साताऱ्याहून कासला चढलं की हवा सुमारे ५ टक्के विरळ होते. विरळ हवा त्याच वेगाने धावली तर तिचं वजन कमी भरतं, पण पेट्रोल त्या प्रमाणात घटत नाही. मिश्रण अडीचएक टक्क्यांनी घट्ट होतं. तेवढ्यासाठी कुठला स्क्रू फिरवायची गरज नाही. भारतात १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आले आणि नव्या मोटरसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. त्यांचे सेन्सर हे फरक स्वतः ओळखतात. जुन्या गाडीत ते आपल्याला ओळखावे लागतात.

रबर बिघडण्याचं आणखी एक कारण आपल्या शिवारातलंच आहे. कृष्णाकाठच्या उसाच्या मळीपासून, रसापासून इथेनॉल होतं आणि ते आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असतं. अशा पेट्रोलला १३.५ पट हवाच पुरते, म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण आणखी पातळ पडतं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं. गाडी महिनाभर उभी राहिली की कटोरीत पांढरी भुकटी दिसते ती त्यातूनच, आणि जुन्या रबरांनाही ते मानवत नाही. इथेनॉल नको असं मी म्हणणार नाही, उसावर इथली घरं चालतात. पण रबरं आणि ओ-रिंग बदलायला हव्यात.

पुन्हा उघडलं तेव्हा मात्र घाई केली नाही. हवेचा स्क्रू पूर्ण बसेपर्यंत किती फेऱ्या आत जातो ते मोजून वहीत लिहिलं: डावा दीड, उजवा दीडला थोडा कमी. इंजिनाकडची रबरं नवी आणली. एअर बॉक्सची जुनीच होती, ती मऊ व्हायला दुपारी पत्र्यावर उन्हात ठेवली. ऊन नसेल तर गरम पाणी चालतं. एअर बॉक्सचे बोल्ट सैल करून डबा मागे सरकवला, कार्बोरेटर आधी इंजिनाच्या बाजूला पूर्ण आत दाबले आणि मगच डबा पुढे आणला. रबराला आतून साबणाचं पाणी लावलं. ग्रीस लावू नये, रबर सुटतं. क्लॅम्प आवळण्याआधी रबराच्या कडेवरून सगळीकडे बोट फिरवलं. मागच्या वेळी डावीकडे खालच्या बाजूला, जिथे दिसत नाही तिथे, कड दुमडलेली राहिली होती.

शेवटी दोन्ही स्लाइड, म्हणजे एक्सलेटर पिळला की कार्बोरेटरची वाट उघडणाऱ्या झडपा, एकदम उचलतात का ते बघणं. ३ मिमीच्या दोन ड्रिल बिटच्या मागच्या गुळगुळीत दांड्या दोन्ही स्लाइडखाली ठेवल्या आणि दोन्ही सारख्याच धरल्या जाईपर्यंत केबलचे नट फिरवले. एक स्लाइड आधी उचलली की एक सिलिंडर ओढतं, दुसरं नुसतं मागे फरफटतं. मग फवारा मारला. आवाज हलला नाही. कासपर्यंत जाऊन आल्यावर प्लग उघडले. डावा, जो आधी पांढराफटक होता, तो उजव्यासारखाच तपकिरी निघाला, म्हणजे मिश्रण आता पातळ नव्हतं.