डॅनिश वाक्प्रचार

डॅनिश वाक्प्रचार : डॅनिश भाषेतील रूढ शब्दबंध. सुट्या शब्दांचे अर्थ जोडून यांचा अर्थ लागत नाही. म्हण आणि वाक्प्रचार हा मराठीतला भेद डॅनिशमध्येही आहे : म्हणीला ‘ओर्स्प्रॉउ’ आणि वाक्प्रचाराला ‘टेलमोदे’ म्हणतात. सुमारे साठ लाख लोकांच्या या भाषेत गोठा, दलदल, हिवाळा आणि गुरेढोरे जागोजागी भेटतात. शहरात जन्म काढलेला माणूसही बोलताना शेतकऱ्याच्या अंगणातूनच उपमा आणतो.

सर्वांत परिचित वाक्प्रचार म्हणजे ‘बर्फावर गाय नाही’. अर्थ असा की काळजीचे कारण नाही, घाई नको. गोठलेल्या पाण्यावर गेलेली गाय बर्फ फुटून बुडेल ही खरीखुरी धास्ती यामागे आहे. शेजारच्या स्वीडिश भाषेत याचे लांब रूप मिळते : मागचा भाग काठावर असेतोवर गाय बर्फावर गेली असे होत नाही. डॅनिशमध्ये हा वाक्प्रचार सहसा नकारार्थीच येतो. शिकणाऱ्याने गायीच्या जागी घोडा किंवा म्हैस घातली, तर व्याकरण बरोबर राहते, पण अर्थ निघून जातो.

काही ठिकाणी मराठी वाचकाला घरची खूण पटते. रेंगाळलेले काम एकदाचे उरकले की डॅनिश माणूस म्हणतो, ‘ती बोकडी भादरून झाली’. आपल्या ‘गंगेत घोडे न्हाले’ला इतका जवळचा जोडीदार दुसऱ्या भाषेत क्वचितच सापडेल. मात्र मराठी वाक्प्रचारात लांबलेल्या प्रतीक्षेचा सुस्कारा असतो, तर डॅनिशमध्ये हात झटकून मोकळे होण्याचा भाव जास्त. ‘दलदलीत घुबडे आहेत’ म्हणजे कुठेतरी पाणी मुरते आहे. घुबड अशुभ म्हणून हा अर्थ आला असे आपल्याला सहज वाटेल. पण मुळात इथे लांडगे होते, असे मानले जाते. डेन्मार्कच्या जटलंड या द्वीपकल्पातल्या बोलीत लांडगा आणि घुबड यांचे उच्चार जवळ आले आणि लांडग्यांच्या जागी घुबडे येऊन बसली.

‘उंट गिळणे’ हा प्रयोग बायबलमधून आला. मत्तयाच्या शुभवर्तमानात (23:24) चिलट गाळून उंट गिळणाऱ्या ढोंग्यांवर टीका आहे. आजच्या डॅनिशमध्ये ढोंगाचा भाग गळून गेला आहे आणि तडजोडीसाठी नको असलेली गोष्ट पत्करणे, म्हणजे कडू घोट गिळणे, एवढाच अर्थ उरला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून डेन्मार्कच्या संसदेत कोणत्याही एका पक्षाला निर्भेळ बहुमत मिळालेले नाही. त्यामुळे सरकार बनवण्याच्या वाटाघाटी सुरू झाल्या की बातम्यांत कोणी किती उंट गिळले याची चर्चा असते. बायबलमधला अर्थ धरून बसणाऱ्याला अशी बातमी उलटी कळते.

शरीरावरचे वाक्प्रचार अधिक अवघड, कारण ‘बेन’ या एकाच शब्दाचे पाय आणि हाड असे दोन अर्थ आहेत. ‘मानेवर पाय घेणे’ म्हणजे ढुंगणाला पाय लावून पळणे. पण ‘नाकात बेन असणे’ यात हाड अभिप्रेत आहे आणि अर्थ कणखर असणे असा आहे. संयम राखायला मराठी माणूस डोक्यावर बर्फ ठेवतो, डॅनिश माणूस तो पोटात ठेवतो.

आघाताकडेही लक्ष द्यावे लागते. ‘गो अगुर्क’ (शब्दशः ‘काकडी जाणे’, म्हणजे भान सुटणे) यात क्रियापदावरचा जोर जातो आणि सगळा भार ‘अगुर्क’वर पडतो. दोन्ही शब्दांवर सारखा जोर दिला तर ऐकणारा क्षणभर अडखळतो. हा प्रयोग मित्रांत चालतो, अर्जात चालत नाही. नवशिक्याने असे प्रयोग आधी कानाने ओळखावेत आणि बोलण्यात उशिरा आणावेत, हे बरे.

भाषाशिक्षणाशी या संचिताचे नाते जुने आहे. पेदर लोले यांच्या नावावरचा मध्ययुगीन संग्रह 1506 मध्ये कोपनहेगनला छापला गेला. त्यात लॅटिन म्हणींना डॅनिश जोड होती आणि शाळकरी मुलांना लॅटिन यावे हा हेतू होता. पुढे पेदर स्यूव्ह यांनी 1682 आणि 1688 मध्ये दोन खंडांत म्हणींचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला, तो मात्र डॅनिशच्याच प्रेमापोटी.

शिकणाऱ्याला सर्वांत जवळचा वाटेल असा वाक्प्रचार आहे ‘नमस्कार बाबा – कुऱ्हाडीचा दांडा’. विचारले एक आणि सांगितले भलतेच, असे झाले की तो वापरतात. तो एका नॉर्वेजियन लोककथेतून आला. त्या कथेतला बहिरा नावाडी कुऱ्हाडीचा दांडा तासत असतो. येणारा अधिकारी ‘काय करतोस?’ असेच आधी विचारणार, असे धरून तो उत्तरे ठरवून ठेवतो. अधिकारी येऊन नुसता नमस्कार करतो आणि नावाडी ठरल्याप्रमाणे सांगतो, ‘कुऱ्हाडीचा दांडा’. कोपनहेगनच्या दुकानात पहिल्यांदा उभा राहिलेला, घरून वाक्ये घोकून आलेला विद्यार्थी नेमका त्या नावाड्याच्या जागी असतो.