पेंग्विनला कॅप्टन नसतो

गेल्या २६ जानेवारीला आमच्या गावच्या शाळेत पाहुण्यांनी पेंग्विनवर भाषण ठोकलं. अंटार्क्टिकाच्या थंडीत म्हणे हजारो पेंग्विन घोळका करून उभे राहतात, त्यांचा एक कॅप्टन असतो, तो शिट्टी मारतो आणि मग आतले बाहेर, बाहेरचे आत. "पोरांनो, शिस्त शिका!" पोरं तोवर इमारतीच्या सावलीतून हळूहळू उन्हाच्या पट्ट्यात सरकली होती. त्यांना कोणी शिट्टी मारली नव्हती.

घोळक्याचं पाहुण्यांनी बरोबर सांगितलं, कॅप्टन मात्र त्यांनी मोबाइलवरून उचलला. तो नसतानाही घोळका कसा चालतो, ते मला गेले चार महिने कोणाला तरी सांगायचं आहे.

आधी पक्षी कोणता ते. मुंबईच्या राणीच्या बागेत आहेत ते हम्बोल्ट पेंग्विन, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, चारेक किलोचे. भाषणातला तो सम्राट पेंग्विन. पहिलीतल्या पोराएवढा उंच, आणि हिवाळ्याच्या तोंडाशी नराचं वजन ३५-४० किलो. आपल्याकडे मे-जूनमध्ये पारा ४५ गाठतो तेव्हा तिकडे हिवाळा असतो, आणि नेमका तेव्हाच हा पक्षी गोठलेल्या समुद्रावर अंडी घालतो. मादी एकच अंडं घालते, साधारण ४५० ग्रॅमचं, म्हणजे कोंबडीची आठ अंडी. ते नराच्या हवाली करून ती समुद्राकडे निघते. घरटं नाहीच. नर अंडं पायांवर घेतो, वरून पोटाच्या कातडीची घडी पांघरतो आणि उभा राहतो.

आपली खुडूक कोंबडी २१ दिवस बसते, तीही मधेच उठून दाणे टिपते, पाणी पिते. हा गडी ६५ दिवस अंडं सांभाळतो. त्याआधी बर्फावर आल्यापासूनचे दिवस धरले तर उपास ११५ दिवसांच्या घरात जातो. वजन शेकडा चाळीसने उतरतं. यावरून 'त्यागी बाप' म्हणून फॉरवर्ड फिरतात. पण चरबी संपून शरीर स्वतःचं मांस जाळू लागलं आणि मादी परतलेली नसली, तर हाच बाप अंडं टाकून समुद्राकडे चालू लागतो. अंडं पुढच्या वर्षीही होईल, बाप मेला तर नाही.

आता घोळका. शरीर ऊब गमावतं ती वाऱ्याला उघड्या पडलेल्या बाजूंनी. दहा बाय दहाच्या चौकोनात १०० पक्षी उभे करा: कडेला ३६ येतात. वीस बाय वीसमध्ये ४०० पैकी ७६. पन्नास बाय पन्नासमध्ये २,५०० पैकी १९६, शेकडा आठसुद्धा नाहीत. घोळका जितका मोठा, तितका वारा खाणाऱ्यांचा वाटा कमी. दाटी इतकी की एका चौरस मीटरमध्ये दहापर्यंत पक्षी मावतात. आपल्या एका बाजेच्या जागेत पंधराएक समजा. बाहेर उणे तीस-चाळीस असू शकतं, आणि आत ३७ अंशांपर्यंत तापमान मोजलं गेलंय.

पण एवढ्या दाटीत कोणी हलणार कसं? २०११ साली झिटरबार्ट नावाच्या शास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकातल्या जर्मनीच्या नॉयमायर संशोधन तळाजवळच्या घोळक्याचे ठरावीक अंतराने काढलेले फोटो तपासले. दर ३० ते ६० सेकंदांनी पक्षी ५-१० सेंटिमीटरचं एक इवलं पाऊल टाकतात, आणि ते पाऊल लाटेसारखं घोळकाभर पसरत जातं. पहिलं पाऊल कोण टाकतं, याचं उत्तर २०१३ च्या अभ्यासात आलं: कोणीही! दोघांमधली फट साधारण दोन सेंटिमीटरच्या वर गेली की शेजारी सरकून ती बुजवतो.

हा आकडा मला फार आवडतो. पिसांचा थर सव्वा सेंटिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे दोन पक्षी पिसाला पीस टेकेल इतकेच जवळ येतात, पिसं चेपत नाहीत. चेपली तर त्यातली हवा जाईल, आणि ऊब त्या हवेचीच असते. दबलेल्या गादीत ऊब राहत नाही म्हणून तर आपण ती पिंजाऱ्याकडे देतो.

या लाटेचं गणित शास्त्रज्ञांनी वाहतूक कोंडीच्या गणितावरून मांडलं. आपल्याला जिनिंगबाहेरची कापसाच्या गाड्यांची रांग पुरे: पुढची बंडी सरकली की मागची सरकते. फरक एवढाच, की रांगेत सरकणं पुढून मागे जातं. घोळक्यात ते मधूनही सुरू होतं आणि पुढे-मागे दोन्हीकडे पसरतं. शिवाय वाऱ्याच्या बाजूचे पक्षी कडेकडेने चालत आडोशाच्या बाजूला जाऊन चिकटतात. असं होत होत मघाशी मध्यात असलेले वाऱ्याच्या तोंडाशी येतात. पाळी कोणी लावत नाही, ती लागते. आणि आत फार उकडलं की घोळका फुटतो, अंगातून वाफा निघतात, काही जण चक्क बर्फ खातात.

आमच्याकडे टिटवीने धुऱ्यावर, उंचावर अंडी घातली की पाऊस भरपूर, असं मानतात. शेजारच्या वावरवाल्याला मी टोकलं तेव्हा तो म्हणाला, "पाखराले समजते सर, आपल्याले नाही समजत." पाखराला पुढचं समजत असतं तर २०२२ साली अंटार्क्टिकाच्या बेलिंग्सहाउझेन समुद्रावर जे झालं ते झालं नसतं. तिथल्या माहीत असलेल्या पाच वसाहतींपैकी चार वसाहतींखालचा बर्फ पिल्लांना जलरोधक पिसं फुटण्याआधीच तुटला. पिल्लांची लव पाण्यात भिजते. त्या चारही ठिकाणी त्या वर्षी बहुधा एकही पिल्लू वाचलं नाही. उपग्रहाच्या चित्रांत वसाहतीची खूण असते विष्ठेचा तपकिरी डाग. बर्फ तुटल्यावर तोही गेला. सम्राट पेंग्विन दरवर्षीच्या ठरल्या वेळी, ठरल्या बर्फावर येतो. बर्फ किती दिवस टिकेल हे त्याला कळत नाही.

हे सगळं मी त्या वावरवाल्याला बांधावर बसून सांगितलं. तो म्हणाला, "तिकडचा बर्फ वेगळा सर." यंदा टिटवीची अंडी त्याच्या वावरात मधोमध, सखल जागी आहेत, म्हणून तो काळजीत आहे. परवा वखर मात्र त्याने अंड्यांना वळसा घालूनच काढला.