चाकांवरील चिवट डाग

चाकांवरील चिवट डाग : मोटारगाडीच्या रिमवर, विशेषतः अलॉय व्हीलवर (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या चाकावर), घट्ट बसलेले आणि पाण्याने किंवा गाडीच्या शाम्पूने न निघणारे डाग. लांबून सगळे सारखेच काळपट-तपकिरी दिसतात. पण कुणी लोखंडाचा असतो, कुणी डांबराचा, कुणी पाण्यातल्या क्षारांचा. एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही. चाकाचे खरे नुकसान बहुधा चुकीच्या औषधानेच होते.

सर्वांत हट्टी डाग ब्रेकच्या भुग्याचा. ब्रेक दाबला की पॅड बिडाच्या फिरत्या डिस्कवर घासतात आणि दोघांचाही बारीक भुगा उडतो. हे तापलेले कण रिमवरच्या पारदर्शक लाखेला चिकटतात, दमट हवेत गंजतात आणि तिथेच रुतून बसतात. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून पुढच्या ब्रेकना काम जास्त. त्यात भारतातल्या अनेक लहान गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असतात, आणि ड्रममधला भुगा बराचसा आतच राहतो. त्यामुळे एकाच गाडीची पुढची चाके काळवंडलेली आणि मागची चकचकीत असे दृश्य नेहमीचे. विजेवरच्या गाड्यांत वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटरच करते, म्हणून त्यांची चाके तुलनेने स्वच्छ राहतात.

धुऊन कोरड्या केलेल्या रिमवर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत बोट घालून फिरवावे. डोळ्यांना गुळगुळीत दिसणाऱ्या जागी रव्यासारखी खरखर लागली, तर लोहकण अजून तिथेच आहेत. त्यांच्यासाठी ‘आयर्न रिमूव्हर’ नावाचा फवारा मिळतो. त्यातले मुख्य द्रव्य बहुधा थायोग्लायकोलेट. केस काढायच्या क्रीममध्येही तेच असते, आणि वासही तसाच, नाक मुरडायला लावणारा. लोखंडाशी संयोग होताच फवाऱ्याचा रंग जांभळा होतो आणि रिमवरून जांभळे ओघळ वाहू लागतात. चाक थंड आणि सावलीत असताना फवारून, तीन-चार मिनिटांनी मऊ ब्रशने चोळून भरपूर पाण्याने धुतात. तो रिमवर वाळू देऊ नये. जांभळा रंग मात्र लोखंडापुरताच. डांबरावर हा फवारा कितीही मारला तरी ढिम्म.

डांबराचे ठिपके नव्याने केलेल्या रस्त्यावरून, तेही उन्हाळ्यात, गाडी गेली की पडतात. डांबर तेलात विरघळते, म्हणून टार रिमूव्हर किंवा रॉकेलमध्ये भिजवलेला बोळा ठिपक्यावर मिनिट-दोन मिनिटे दाबून धरला की ते सैल होऊन तपकिरी ओघळते. नखाने खरवडायची गरज पडत नाही. रॉकेल टायरच्या रबरावर राहू न देता शाम्पूने लगेच धुवावे. बोअरच्या जड पाण्याने धुतलेली गाडी उन्हात वाळली की पांढरी वर्तुळे उरतात. हे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार पाणी घातलेल्या व्हिनेगरने निघतात. याहून मोठ्या आम्लाची तिथे गरज नसते.

आम्लाचा मोह मात्र फार. संडास धुण्याच्या ॲसिडने रिम झटक्यात चकाकते, हे खरे. पण ॲल्युमिनियमला आम्ल आणि कॉस्टिकसारखा तीव्र अल्कली दोन्ही खातात. लाखेला कुठे टवका गेला असेल तिथून ते आत शिरतात आणि धातूवर न जाणारा धुरकट पट्टा उमटतो. काही कडक व्हील क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा त्याचे क्षार असतात. ते त्वचेतून आत उतरते, जळजळ कधी कधी काही तासांनी जाणवते. घरी असली बाटली आणूच नये. भांड्यांची तारेची घासणीही तितकीच वाईट, कारण तिच्या ओरखड्यांत पुढचा भुगा आणखी घट्ट बसतो.

लाखेखाली पांढऱ्या, अळीसारख्या नागमोडी रेषा दिसत असतील तर तो डाग नव्हे. कडेला टवका उडून ओल आत शिरली आणि ॲल्युमिनियमच झिजू लागले, त्याची ती खूण. वरून कितीही चोळले तरी ती हलत नाही. लाख काढून रिम पुन्हा रंगवावी लागते.

चाके धुतल्यावर गाडी थोडी फिरवून, हलके ब्रेक लावून डिस्क कोरड्या करतात. तशीच उभी ठेवली तर रात्रीत डिस्कवर तांबूस गंज चढतो. सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकांत तो घासून निघतो. त्यातला काही थेट नुकत्याच धुतलेल्या रिमवर जाऊन बसतो.