जुन्या गाडीचे टायमिंग : पुस्तकाने की कानाने?

टायमिंग म्हणजे इंजिनात पेट्रोल पेटवणारी ठिणगी नेमकी कधी पडावी ते. बॅटरी, कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी गुंडाळी) आणि पॉइंट (उघडताना ठिणगी पाडणारे संपर्क) यांवर चालणारे इग्निशन 1910 च्या सुमारास अमेरिकेत कॅडिलॅकमध्ये आले आणि पुढची साठ-सत्तर वर्षे जगभरच्या पेट्रोल गाड्या थोड्याफार फरकाने त्याच रचनेवर धावल्या. आपल्याकडे हा काळ आणखी लांबला. 1957-58 मध्ये आलेली ॲम्बॅसॅडर आणि 1964 च्या फियाट 1100 डिलाइटमधून पुढे झालेली पद्मिनी या दोन गाड्यांवर सोलापुरातल्या मेस्त्र्यांच्या पिढ्या डेल्को, म्हणजे पॉइंट ज्यात असतात आणि जो ठिणगी प्लगांना वाटतो तो डिस्ट्रिब्युटर, शिकल्या. मारुती 800 सुद्धा सुरुवातीला पॉइंटवरच होती.

पॉइंटच्या गॅपबद्दल कधी वाद झाला नाही. ॲम्बॅसॅडरला पंधरा थाउ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे साधारण 0.38 मिलिमीटर, आणि तो फीलर गेज (ठरलेल्या जाडीची पातळ पट्टी) लावूनच ठेवायचा. इंजिन 3000 आरपीएमवर असताना चार सिलिंडरच्या गाडीत पॉइंट मिनिटाला 6000 वेळा उघडतात. पॉइंट उघडणाऱ्या कॅमवर घासणारी फायबरची टाच त्यात झिजत जाते, गॅप कमी होतो आणि पॉइंट उशिरा उघडू लागतात, म्हणजे टायमिंग आपोआप मागे सरकते. कॅमला बोटभर ग्रीस लावायचे नसते, नखावर मावेल एवढेच पुरते. जास्त झाले की ते उडून पॉइंटवर बसते आणि जळते. आधी गॅप आणि मग टायमिंग, हा क्रम म्हणूनच ठरून गेला.

वाद आहे तो टायमिंगचा. एक पक्ष पुस्तकाचा, म्हणजे कंपनीच्या मॅन्युअलचा. पुलीची खूण जुळवायची, पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणायचा, कॉइलकडून येणारी वायर डेल्कोला जिथे जोडलेली असते तिथे बारा व्होल्टच्या बल्बची एक वायर लावायची, दुसरी बॉडीला. स्विच ऑन करून क्लॅम्प सैल करायचा आणि डेल्को आतल्या फिरणाऱ्या रोटरच्या उलट दिशेने अगदी सावकाश फिरवायचा. बल्ब पेटला त्या क्षणी पॉइंट उघडले. तिथेच क्लॅम्प आवळायचा. दुसरा पक्ष कानाचा. इंजिन चालू ठेवून डेल्को फिरवत जायचे, आयडलिंग सर्वांत चढे लागले की थोडे मागे यायचे, मग गाडी तुळजापूरच्या घाटात न्यायची. तिसऱ्या गिअरमध्ये दाबून चढवताना नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटल्याची टकटक) ऐकू आले तर अजून मागे. गाडी खेचत नसेल तर पुढे.

पुस्तकवाले कानवाल्यांना अडाणी समजतात. हा अन्याय आहे. पुस्तकातला आकडा त्या काळच्या पेट्रोलसाठी होता आणि पेट्रोल नंतर तेच राहिले नाही. एकेकाळी पंपावर साधे पेट्रोल 87 ऑक्टेनचे असे; ऑक्टेन जितका जास्त तितके नॉकिंग कमी. गाड्यांचे कॉम्प्रेशनही बेताचे, आठच्या आतबाहेर. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर ऑक्टेन वाढवायला पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे लेड (शिसे) बंद झाले. लेड गेले म्हणून टायमिंग मागे घ्या, हा सल्ला तेव्हापासून आजतागायत फिरतो आहे आणि तो चुकीचा आहे. लेड गेले तरी ऑक्टेन दुसऱ्या मार्गाने राखला गेला, पुढे तो 91 वर नेला गेला. लेड गेल्याने धोका होता तो व्हॉल्व्ह सीट झिजण्याचा, त्याचा डेल्कोशी संबंध नाही. उलट विनाकारण मागे घेतलेल्या टायमिंगने जळण उशिरा होते, उष्णता एक्झॉस्टकडे जाते आणि पारा बेचाळीसवर असताना गाडी सात रस्त्यावरच्या सिग्नलला उभ्या उभ्या तापते.

त्यानंतर इथेनॉल आले. महाराष्ट्रात 2003 पासून पाच टक्के, 2022 मध्ये देशभर दहा, आता वीस. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या आपल्या जिल्ह्याला याचे अप्रूप नाही, पण कार्ब्युरेटरच्या गाडीला फरक पडतो. इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बराच जास्त, म्हणून नॉकिंग लांबते. त्यातच ऑक्सिजन असल्यामुळे कार्ब्युरेटरच्या त्याच जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या छिद्रावर) मिश्रण पातळ होते आणि पातळ मिश्रण सावकाश जळते. दोन्ही गोष्टी टायमिंग थोडे पुढे घ्यायलाच सांगतात. माझे मत स्पष्ट आहे: सुरुवात बल्बने करावी, कारण नुसत्या कानाने लावणारा आयडलिंगच्या नादात फार पुढे जातो, पण शेवटचा एक-दोन अंशांचा निर्णय घाटातच व्हावा. त्याआधी वेग वाढला की टायमिंग पुढे नेणारी डेल्कोतली वजने मोकळी फिरतात का आणि व्हॅक्यूमच्या नळीला तोंडाने ओढल्यावर पॉइंटची प्लेट हलते का, हे बघून घ्यावे. ही दोन अडकली असतील तर पुस्तकही खोटे आणि कानही.

आजकाल पॉइंट काढून त्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवून मिळते. गॅपची कटकट संपते हे खरे, टायमिंगची नाही. वजने, स्प्रिंग आणि व्हॅक्यूम तेच राहतात. मॉड्यूल रस्त्यात गेले तर पंढरपूर रोडवर काही करता येत नाही, पॉइंट मात्र पॉलिश पेपरने घासून घरापर्यंत येता येते. उन्हाळ्यात चढावर गाडी बंद पडली की लोक सवयीने कॅप उघडतात, पण इथेनॉलमिश्रित पेट्रोल इंजिनाच्या फ्युएल पंपाजवळच्या तापलेल्या नळीत उकळून वाफ धरते आणि लक्षणे मिसिंगसारखीच (ठिणगी चुकल्यासारखीच) दिसतात. आधी नळीवर ओले फडके टाकून दहा मिनिटे थांबावे, आणि तेवढा वेळ स्विच बंद ठेवावा. पॉइंट मिटलेले असतील तर उभ्या गाडीत कॉइलमधून चारेक अँपिअर करंट वाहत राहतो आणि कॉइल भाजून निघते.