फोर बाय फोर आहे म्हणून बर्फावर निर्धास्त? खुलासा
‘वरचा ऑफ-रोड ट्रिम (गाडीची खडतर रस्त्यांसाठीची महागडी आवृत्ती) घेतला की हिवाळ्याची चिंता मिटली’ हा समज धोक्याचा आहे. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद, गाडी जागची हलवतं. ब्रेक साध्या ट्रिमलाही चारही चाकांना असतातच. थांबणं-वळणं टायरवर ठरतं. या ट्रिमवर अनेकदा येणाऱ्या मड-टेरेन (चिखलासाठीच्या) टायरचे ठोकळे मोठे, त्यांवर बर्फ पकडणाऱ्या बारीक चिरा कमी. थंडीत रबरही कडक होतं. दाबून गुळगुळीत झालेल्या बर्फावर ते सरळ घसरतात. मागचा लॉकर (मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवणारी यंत्रणा) लावून तिथे वळू नकाच, मागची बाजू फिरते.

टायरवरच्या नुसत्या ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल व बर्फ) खुणेवर विसंबू नका, ती बर्फावरच्या चाचणीशिवायही मिळते. तीन शिखरांत हिमकण असलेलं चिन्ह पाहा आणि चारही टायर तसेच बसवा. पारा ५-६ अंशांनी उतरला की टायरमधल्या हवेचा दाब सुमारे १ पीएसआयने (दाबाचं एकक) घटतो. टायर गार असतानाच मोजा.