ब्रेड मेकर, घरगुती

पीठ मळणे, ते आंबवून फुगवणे आणि भाजणे ही पाव करण्यातली तिन्ही कामे एकाच भांड्यात, ठरावीक क्रमाने व ठरावीक वेळात उरकणाऱ्या विजेवरील उपकरणाला ब्रेड मेकर म्हणतात. त्याची रचना साधी असते. बाहेर सहज काढता येणारे, अन्न न चिकटणारा लेप दिलेले भांडे, त्याच्या तळाशी मोटारीने फिरणारे पाते, भांड्याभोवती तापणारी तार, तापमान मोजणारा संवेदक आणि या सर्वांवर नियंत्रण ठेवणारा सूक्ष्मप्रक्रियक, एवढेच त्याचे मुख्य भाग आहेत.

हे उपकरण जपानमध्ये १९८० नंतरच्या दशकात घरोघरी पोहोचले. ओसाका येथील मात्सुशिता कंपनीने (आजची पॅनासॉनिक) १९८७ मध्ये आपले यंत्र बाजारात आणले. त्याआधीच्या प्रयोगांत पावाचे कवच करपे आणि आतला भाग मात्र कच्चा राही, कारण पीठ नीट तिंबले जात नव्हते. तेव्हा कंपनीतील सॉफ्टवेअर विकासक इकुको तानाका यांनी ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य पावभट्टीकाराच्या हाताखाली उमेदवारी केली. तो पीठ केवळ दाबत नाही, तर विशिष्ट तऱ्हेने ताणतो, हे त्यांच्या ध्यानात आले, आणि तो ताण साधण्यासाठी यंत्राच्या आत खास कंगोरे बसवण्यात आले. जपानी व्यवस्थापनतज्ज्ञ इकुजिरो नोनाका यांनी पुढे हेच उदाहरण घेऊन हातात मुरलेले, शब्दांत न मांडता येणारे ज्ञान यंत्रात कसे उतरते हे दाखवले, त्यामुळे पाकशास्त्राबाहेर व्यवस्थापनशास्त्रातही या यंत्राचा उल्लेख होतो.

तिंबण्याचे महत्त्व मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला असला, तरी पायांनी तुडवतात म्हणून पाव, ही लोकव्युत्पत्ती आपल्याकडे टिकून राहिली, ती बहुधा याच मेहनतीच्या आठवणीमुळे. गव्हातील प्रथिने पाण्यात भिजून ताणली गेली की ग्लुटेनची लवचीक जाळी तयार होते आणि यीस्टने सोडलेला कर्बवायू त्या जाळीत कोंडला जाऊन पाव फुगतो.

यंत्र विकत घेताना प्रथम भांड्याचे माप पाहावे. साधारण ४५० ते ९०० ग्रॅमपर्यंतचे पाव करता येतात, आणि चौघांच्या घराला मधले माप पुरते. केवळ मळून व फुगवून देणारा स्वतंत्र कार्यक्रम आणि वीज गेल्यास काही मिनिटे टप्पा लक्षात ठेवण्याची सोय या दोन गोष्टी आपल्याकडे चकचकीत पडद्यापेक्षा अधिक मोलाच्या आहेत. पाते व भांडे झिजणारे भाग असल्याने ते सुटे मिळतात का, याचीही चौकशी करावी. अमेरिकेतून येताना आणलेले यंत्र १२० व्होल्टचे असते. ते भारतातील २३० व्होल्टच्या विजेवर थेट लावल्यास जळते.

पहिला पाव मैद्याचाच करावा. मध्यम मापासाठी ४०० ग्रॅम मैदा, सुमारे २५० मिलिलिटर पाणी, २० ग्रॅम लोणी किंवा तेल, १५ ग्रॅम साखर, ७ ग्रॅम मीठ आणि ४ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट हे प्रमाण चालते. वाटीने मोजलेला मैदा दाबून भरला की जास्त होतो, म्हणून वजनकाटा वापरावा. बहुतेक यंत्रांत आधी पाणी, मीठ, साखर व लोणी, त्यावर मैदा आणि सर्वांत वर मैद्यात खळगा करून यीस्ट घालतात; काही यंत्रांत हा क्रम उलटा असतो, तेव्हा माहितीपुस्तिका प्रमाण मानावी. विदर्भातल्या उन्हाळ्यात पाणी थंड घ्यावे व यीस्ट थोडे कमी करावे, नाहीतर पीठ भाजण्याआधीच फुगून खाली बसते.

यंत्र सुरू करून निघून जाणे ही पहिल्या वेळची सर्वांत मोठी चूक होय. यंत्राला वेळ कळतो, पीठ कळत नाही. मळणे सुरू झाल्यावर आठ-दहा मिनिटांनी झाकण उघडून पाहावे. उंडा गुळगुळीत, भांड्याची कड सोडणारा आणि बोटाला किंचित चिकट हवा. तो कोरडा व भेगाळलेला असेल तर चमचाभर पाणी, पातळ पसरत असेल तर चमचाभर मैदा घालावा. भाजणे सुरू झाल्यावर मात्र झाकण उघडू नये. चक्कीवरची कणीक अधिक पाणी पिते आणि तिच्यातला कोंडा ग्लुटेनची जाळी तोडतो, म्हणून पूर्ण कणकेचा पाव बुटका व दाट होतो. प्रारंभी तिसरा हिस्सा कणीक घेणे बरे.

तीन-चार तासांनी पाव तयार होताच तो भांड्यातून काढून जाळीवर ठेवावा, कारण आत राहिलेली वाफ त्याचे कवच ओले करते. तळाशी पात्याचे भोक राहते, तो दोष नव्हे. निदान तासभर तरी पाव कापू नये. गरम असताना आतला स्टार्च बसलेला नसतो आणि सुरीला लगदा लागतो. लादीपाव या भांड्यात होत नाही. त्यासाठी पीठ यंत्रात मळून फुगवावे, उंडे ताटात एकमेकांना लागून मांडावेत आणि पुन्हा फुगल्यावर ओव्हनमध्ये भाजावेत.